नाव कुनाचं घ्यायचं

"धाकलूला काय जुळतं गं?" सोनुबाईनं बांधावरूनच विचारलं.

बायजा वालाच्या शेंगा तोडत होती. भात निघून गेलेल्या खाचरात वाल माजला होता. जमीन वरून तडकलेली, पण भेगेत बोट घातलं तर आत अजून गारवा लागायचा. पौषातलं दव असं, की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजून पोटऱ्यांना चिकटलं होतं. सोनुबाईला बघून तिनं कंबर सरळ केली.

"कोन धाकलू?"

"आमच्या येसूचा व्हनारा नवरा गं. बोलनी जाली, साखरपुडा जाला, पर नाव जुळतंय का ते कुनी बगितलंच नाय. आता पोरगी रडत बसलीय. म्हनते, बाकीच्या पोरींना पदू मिळाला, सदू मिळाला, ते कुठंबी बसतात. ह्या धाकलूला बसवू कुठं?"

"कुंडली बगितली व्हती ना?"

"ती बगितली. कुंडलीत उखाना कुठं अस्तोय."

बायजानं हातातल्या शेंगा ओटीत टाकल्या, पुन्हा वाकली आणि तोडता तोडताच म्हणाली,

"लोंबी भरली दान्यानं, तशी लाजून मी वाकलू,
धा जनांत उठून दिसतो आमचा धाकलू."

सोनुबाईनं तोंडावर पदर घेतला. "बाय गं. बसला की."

"दिसतो का पर उठून?"

"कशाचा दिसतोय. धा जनांत उभा केला तं नऊ मोजून मानूस पुढं जातो. पर नाव घेताना तपासाया कोन येतंय." आणि उखाणा विसरायच्या आत पोरीच्या कानात घालायला सोनुबाई बांधाबांधानं पळाली.

कडावच्या पुढं, ओहोळाच्या वळणावरलं हे गाव. इथं लग्न असो, ओटीभरण असो, संक्रांतीचं हळदीकुंकू असो, बाईनं नाव घ्यायची वेळ आली की तिचे पाय बायजाच्या दाराकडं वळायचे. नांगराचा फाळ लोहाराकडं न्यावा तशा बायका नवऱ्याचं नाव घेऊन बायजाकडं यायच्या आणि ती ते पाजवून द्यायची. नवरा घरात कसाही असो, उखाण्यात तो सोन्याचाच लागतो, असा रिवाज. ओहोळापलीकडच्या भट्टीवरून रोज उचलून आणावा लागणारा नागू उखाण्यात निर्मळ पाण्याचा झरा होता. बायकोशी दोन शब्दही धड न बोलणारा मोरू उखाण्यात रोज मोगऱ्याचा गजरा आणत होता. एकट्या बायजानं गावातले इतके पुरुष सुधारले होते, की तेवढे एखाद्या कीर्तनकाराकडूनही सुधारले नसते.

सगळ्यात जास्त सुधारला होता तो तिचा स्वतःचा नवरा, वाल्मिक. वाल्मिक भिवपुरीच्या पॉवर हाऊसात पाळीनं कामाला जायचा. मनानं वाईट नव्हता. फक्त रातपाळी करून आला की जागरण झालं म्हणून झोपायचा आणि दिवसपाळी करून आला की दमलो म्हणून झोपायचा. घरच्या म्हशीला भ्यायचा. पण उखाण्यातला वाल्मिक वाघाला आडवा जायचा, भुकेल्याला आपल्या ताटातलं वाढायचा, पुरात उडी टाकायचा. लग्न होऊन बायजा ह्या गावात आली तेव्हापासून गाव हे ऐकत होतं, आणि ऐकून ऐकून गावाला ते खरं वाटायला लागलं होतं. मागल्या खेपेला पंचायतीची निवडणूक लागली तसा कुणीतरी वाल्मिकला उभा केला आणि तो निवडूनही आला. बायकांनी मतं दिली ती उखाण्यातल्या वाल्मिकला. पंचायतीत जाऊन झोपला तो घरातला.

ह्या सगळ्यात बायजा हे नाव कुठंच नव्हतं. सासू तिला "अगं ए" म्हणायची. नवरा लेकीच्या नावानं "शकूचे आय" म्हणायचा. गाव म्हणायचं "वाल्मिकची". तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटायला वेळ कुठं होता.

आणि मग त्या साली वरून हुकूम आला की हे महिलांचं वर्ष आहे. मग आजवरची वर्षं कुणाची होती, हे गावाला कळेना. पण हुकूम तो हुकूम. सरपंच आबाजीनं एका संध्याकाळी महिला मंडळ काढलं, आपल्या बायकोला, गौराबाईला, अध्यक्ष केलं आणि स्वतः मार्गदर्शक झाला. शाळेच्या पटांगणात मंडप घालायचा, बाहेरगावचा विद्वान बोलवून महिलांवर भाषण ठेवायचं आणि मग उखाण्यांची स्पर्धा घ्यायची, असं पुरुषांच्या बैठकीत ठरलं. पहिलं बक्षीस स्टीलची कळशी.

नावं लिहून घ्यायला ग्रामसेविका आली. कोवळी पोरगी होती, बदलून नुकतीच आलेली. शाळेच्या ओट्यावर बसून ती एकेकीला पुढं बोलवत होती. बायजाची पाळी आली.

"नाव सांगा," पोरगी मान खाली घालूनच म्हणाली.

बायजानं डोक्यावरला पदर नीट केला आणि सवयीनं म्हणून गेली,

"भिवपुरीच्या डोंगरातून इजेच्या आल्या तारा,
वाल्मिकरावांच्या पुन्याईनं उजळला गाव सारा."

बायकांनी टाळ्या पिटल्या. ग्रामसेविकेनं वर बघितलं आणि तीही हसली. "छान आहे हो. पण मी तुमचं नाव विचारलं. तुमचं स्वतःचं."

बायजानं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाव माहीत नव्हतं असं नाही. पण जिभेवर यायला त्याला वेळ लागला. तेवढ्यात मागून गौराबाई म्हणाली, "लिवा, सौभाग्यवती वाल्मिक. सगळा गाव वळखतो." पोरीनं ते लिहिलं आणि म्हणाली, "पुढच्या या."

घरी जाताना बायजा वाटेनं मनातल्या मनात स्वतःचं नाव घेऊन बघत होती. बायजा. कुणा दुसरीचं असावं असं वाटत होतं. खोपोलीच्या बाजूला तिचं माहेर. तिथं बाप शेताच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाळी घालायचा, "बायजे", आणि शेवटचा सूर डोंगराला लागून परत यायचा. बाप गेला त्याला किती वर्षं झाली. तेव्हापासून ते नाव कुणी मोठ्यानं घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेंगा तोडताना तिनं ते उखाण्यात बसवायचं ठरवलं. धाकलूला बसवताना तिचा हात थांबला नव्हता. इथं अर्धा वाफा झाला तरी काही जमेना. सोन्याचं ताट घेतलं, चांदीची वाटी घेतली, तुळस घेतली, मोगरा घेतला. बायजाच्या शेजारी सगळं उपरं वाटत होतं. तिची तीच विचारात पडली. नवऱ्यांची नावं बसवताना तिला खोट्याची सवय लागली होती. आपलं नाव बसवायला खोटं चालेना, आणि खरं बसवायचं कसं, ते तिनं कधी करूनच बघितलं नव्हतं.

ते जमलं तिसऱ्या दिवशी. डोक्यावर शेंगांची पाटी, मान अवघडलेली, आणि चालता चालता ओळी आपसूक आल्या. ती वाटेतच उभी राहिली. पाटी खाली न ठेवता पुन्हा एकदा म्हणून बघितली. मग हसली.

चूक एवढीच झाली, की तिनं ते सोनुबाईला सांगितलं. सोनुबाईच्या पोटात राहिलं ते संध्याकाळपर्यंत. दिवेलागणीला गावभर झालं, की वाल्मिकची स्पर्धेत नवऱ्याचं नाव घेणार नाही, स्वतःचंच घेणार आहे. कुणी म्हणालं, नवऱ्याचं काहीतरी उघडकीला आलं असणार. कुणी म्हणालं, भिवपुरीला त्यानं दुसरं बिऱ्हाड केलंय. जो घरातल्या म्हशीला भितो त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं, हे लोकांना पटलं. पण बाई नवऱ्याचं नाव घेणार नाही, हे पटेना.

गौराबाई घरी आली. "अगं, नवरा जिता असताना सवताचं नाव घेत्यात का कुठं? आयकूनच कपाळ पुसल्यावानी वाटतं. आमच्या मंडळाची अब्रू हाय."

"पुसत नाय मी काय. कुंकू हाय तिथंच हाय."

"मंग सोड ना ह्यो हट्ट."

"हट्ट कसला सरपंचीनबाय. लग्नापासनं तेंचं घेतलं, येकदा माजं."

गौराबाई रागानं उठली. दारापर्यंत गेली. तिथं घुटमळली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आनि आमच्या ह्यांचं येखादं दे जरा झोकदार. तालुक्याचे सायेब येनार हायत."

बायजानं दिलं.

"रानात मव्हरला आंबा, अंगनात जाई ताजी,
कुंकवाचे धनी माजे, गावाचं छत्र आबाजी."

गौराबाईनं ते तीनदा म्हणून पाठ केलं आणि पुन्हा रागावून निघून गेली.

वाल्मिक कामावरून आला तो तोंड फुगवूनच. जेवायला बसला, पण हात भाताला लावेना. त्याची आई, अंबाबाई, भिंतीला टेकून सुपात वाल निवडत होती.

"पॉवर हाऊसात पोचलं," वाल्मिक म्हणाला. "मला इचारतात, वाल्मिकराव, बायकोनं तुमाला काडून टाकलं म्हनं."

"तुमाला कुठं काडलं. मी मला घातलं."

"येका उखान्यात दोगं बसत नाय का?"

"बसतात की. आजवर तुमीच पसरून बसला व्हता."

"शकूचे आय, पुढल्या साली निवडनूक हाय. बायको नाव घेत नाय म्हंजी मानसात कायतरी खोट हाय, असं लोकं म्हनतील."

"खोट कायबी नाय तुमच्यात. म्हशीचं दूध काडता येत नाय, येवडंच."

वाल्मिकनं आईकडं मान वळवली. "आये, तू तरी सांग हिला."

अंबाबाईनं सुपातून एक किडका दाणा उचलला, उजेडात धरून बघितला आणि अंगणात फेकला. "मला वाल निवडू दे," ती म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी पटांगण भरलं. पुढं खुर्च्यांवर तालुक्याचे साहेब, सरपंच आणि पंचायतीचे मेंबर. त्यात इस्त्रीच्या सदऱ्यात वाल्मिक. खाली सतरंजीवर बायका, मांडीवर पोरं. महिलांचा कार्यक्रम म्हणून महिलांना पुढं बसवलं होतं, म्हणजे खुर्च्यांच्या पायाशी. परीक्षक खोपोलीहून आणले होते. दिवसा ते एका कारखान्यात हजेरी घ्यायचे आणि फावल्या वेळात 'निर्झर' ह्या नावानं कविता करायचे.

निर्झर तासभर बोलले. स्त्रीच्या पायातल्या बेड्या तुटल्या पाहिजेत, म्हणाले. स्त्री कुणाची मुलगी, कुणाची पत्नी, कुणाची माता. पण ती स्वतः कोण? "भगिनींनो, आरशासमोर उभ्या राहा आणि स्वतःला विचारा, मी कोण आहे?" असं त्यांनी हात वर करून विचारलं. घरात आरसा होता तो दाढीपुरता, तरी बायकांनी माना हलवल्या. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सरपंचानं वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. बायजा एकटी लक्ष देऊन ऐकत होती. हा माणूस आपल्या मनातलंच बोलतोय, असं तिला वाटलं.

स्पर्धा सुरू झाली. एकेक उठायची, नाव घ्यायची. निर्मळ झरे वाहिले, मोगऱ्याचे गजरे आले, वाघ मेले. सगळी कारागिरी बायजाचीच होती; फक्त माणसं निराळी. गौराबाईनं आबाजीचं छत्र असं ठसक्यात उघडलं, की आबाजी खुर्चीत वीतभर उंच झाला.

मग बायजा उठली. वाल्मिकनं मान खाली घातली. तिनं पदर खोचला, घसा साफ केला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली,

"भात कापलं, वाल पेरला, हात राबला माजा,
नाव घेते माजं मी, माजं नाव बायजा."

मागच्या रांगेत कुणाचं तरी पोर रडलं. निर्झर खुर्चीतून पुढं वाकले.

"बाई, उखाणा अर्धाच झाला. यजमानांचं नाव राहिलं."

"राह्यलं नाय. येवडाच हाय."

"अहो, पतीचं नाव हा उखाण्याचा आत्मा. तेच नसेल तर ह्याला उखाणा म्हणता येत नाही."

"मंग नका म्हनू. पर तुमीच मगाशी सांगितलं, सवताला इचारा, मी कोन. मी इचारलं."

"ते भाषणात," निर्झर समजुतीनं म्हणाले. "ही स्पर्धा आहे."

साहेब हसले, म्हणून सरपंच हसला, म्हणून पटांगण हसलं. बायजा खाली बसली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण आत कुठं तरी गार वाटत होतं. आपलं नाव इतक्या माणसांसमोर आपल्याच तोंडून निघालं आणि आभाळ काही खाली आलं नाही, एवढं तिला कळलं.

कळशी गौराबाईला मिळाली. ती देताना निर्झर म्हणाले, की हा खरा उत्स्फूर्त उद्गार, खेड्यातल्या स्त्रीच्या काळजातून थेट ओठावर आलेला. इथं कुणी शिकवलेलं नाही, कुणी लिहून दिलेलं नाही. गौराबाईनं कळशी छातीशी धरली आणि बायजाकडं सोडून सगळीकडं बघितलं. वाल्मिक मेंबरांबरोबर टाळ्या वाजवत होता. मध्येच त्याची नजर बायकोवर गेली. त्याचे हात सावकाश मांडीवर आले आणि तिथंच राहिले.

संध्याकाळी तो गोठ्याच्या दाराशी उभा होता. आत बायजा म्हशीला वैरण टाकत होती.

"हसले लोकं," तो म्हणाला.

"हसले."

"तुज्यावर का माज्यावर?"

"कळशी कुनाची व्हती तेबी कळलं नाय ज्यांना, त्यांच्या हसन्याचा हिशेब कशाला ठेवायचा?"

वाल्मिक पायानं माती उकरत राहिला. "तो गौराबायचा उखाना तुजा व्हता ना?"

"गावातला कंचा माजा नाय?"

ह्याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. आत्ता केला. बराच वेळ लागला. मग म्हणाला, "म्हंजी तो वाघबी तूच मारलास."

"वाघ कुठला मारतेय. शबुद मारले."

"आता माजं नाव कदीच घेनार नाय का?"

"घेईन की. पर जसं हाय तसं घेईन."

"घे बगू."

बायजानं वैरणीचा हात झाडला.

"म्हशीनं शिंग हलवलं की दाराआड पळतात,
वाल्मिकराव भोळे माजे, तरी मला कळतात."

वाल्मिक पहिल्या ओळीला गोरामोरा झाला. दुसऱ्या ओळीला त्याला काय वाटलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण आजवरच्या कुठल्याच उखाण्यानं तसं वाटलं नव्हतं. पुरात उडी टाकणारा तो वाल्मिक त्याला नेहमी जरा दूरच्या नात्यातला वाटायचा. हा घरचा होता.

"म्हशीचं गावात नको सांगू," तो म्हणाला.

"नाय सांगत."

"बायजे," तो म्हणाला, आणि मग पुढं काय बोलायचं होतं ते विसरला. ती थांबली होती, पण तो तसाच आत जाऊन झोपला.

गाव सुधारलं वगैरे काही नाही. गौराबाई पुढल्या संक्रांतीचे उखाणे आत्तापासूनच मागायला लागली. नागूची बायको मात्र एका दुपारी अंगणात आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "मला माजं बसवून दे. त्यांचं नको. घरी हाय तेवडा नागू पुरे." बायजानं बसवून दिलं. ती ते कुठं म्हणत असे कुणास ठाऊक. चारचौघांत तरी कुणी ऐकलं नाही. मग आणखी एकदोघी आल्या. विहिरीवर, बांधावर, कुजबुजत. मीठ उसनं मागावं तसं आपलं नाव मागून न्यायच्या.

वाल सुकला. अंगणात झोडून झाला. अंबाबाई उन्हात पाय सोडून दाणे निवडत होती, बायजा टरफलं पाखडत होती.

"ए," अंबाबाई म्हणाली.

"काय आत्याबाय?"

"माजं बसंल का?"

बायजानं सूप थांबवलं. "अंबाबाई? बसंल की. थांबा हां, अंबा…"

"अंबा नको." म्हातारीनं दाण्यांवरली नजर काढली नाही. "ते वाल्मिकच्या बापसानं ठेवलेलं. लग्नात तांदळात बोटानं गिरवलं आनि म्हनाले, आजपासनं ही अंबा. मला वाचायाबी येत नव्हतं. माजं नाव भागी."

इतकी वर्षं बायजा ह्या बाईच्या हाताखाली राबली होती. तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तापात तिचे पाय चेपले होते. "कदी बोलला नाय तुमी."

"कुनी इचारलं नाय."

बायजा तिच्याजवळ सरकून बसली. "काय सांगायचं उखान्यात?"

म्हातारीनं विचार केला. तिच्या पोटी सहा लेकरं जन्मली होती, तीन गेली होती. नवरा गेला होता, दोन म्हशी गेल्या होत्या. त्यातलं ती काहीच बोलली नाही. "लई काय नाय," म्हणाली. "मी जांभळीवर चढायची. पार शेंड्याला. पोरांनाबी जमत नव्हतं."

बायजानं डोळे मिटले. आता तिला पहिल्यासारखा वेळ लागत नव्हता.

"जांभळीच्या झाडाखाली पोरं राह्यली मागी,
शेंड्यावरनं पाय हलवी, तिचं नाव भागी."

म्हातारी ते ओठातल्या ओठात म्हणायला लागली. पहिल्यांदा चुकली. मग दुसऱ्यांदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा तिनं बायजाकडं बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

कुडापलीकडून गौराबाई जात होती, सोबत आणखी एक बाई. "अंबाबाय," तिनं हाक मारली, "शकूची आय हाय का घरात?"

म्हातारीनं वर बघितलं नाही.

"ओ अंबाबाय."

बायजा उठायला लागली, तशी म्हातारीनं तिच्या लुगड्याचा काठ धरून तिला खाली बसवलं.

"ठार बहिरी जाली गं बिचारी," गौराबाई सोबतिणीला म्हणाली, आणि दोघी पुढं गेल्या.

भागी वाल निवडत राहिली. उन्हात सोडलेले तिचे पाय हलत होते.